कंपनीचा करार आणि मुलीच्या हातातला दाखला

वाचकाचा प्रश्न : सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, पठारावरच्या एका गावात राहणारे शेतकरी वडील लिहितात की, त्यांची मुलगी यंदा दहावीला ७८ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली. घराच्या मागच्या बाजूला पवनचक्क्या दिसतात आणि गावातल्या मुलांना कधीतरी तिथे काम मिळेल ही आशा गावाने वर्षानुवर्षे बाळगली आहे. त्यांच्यासमोर तीन वाटा आहेत. पहिली, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका. दुसरी, जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. या आयटीआयशी पवनऊर्जेतील एका कंपनीने प्रशिक्षणाचा करार केलेला आहे. तिसरी, गावात येऊन गेलेल्या एका गृहस्थांनी सांगितलेला तीन महिन्यांचा 'सोलर व विंड टेक्निशियन' वर्ग, ज्याचे शुल्क ४५,००० रुपये आहे आणि ज्यात 'शंभर टक्के नोकरी' असल्याचे सांगितले जाते. वडिलांचा कल आयटीआयकडे आहे, कारण 'कंपनीचा करार आहे म्हणजे नोकरी आहे.' मेव्हण्यांचे म्हणणे असे की, हुशार मुलीला आयटीआयला घालणे म्हणजे तिचे नुकसान करणे. मुलीच्या आईला मनोऱ्यावर चढण्याच्या कामाची भीती वाटते. काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर :

तुमचे पत्र काळजीपूर्वक वाचले. मुलीच्या शिक्षणाचा विचार करताना गावातला रोजगार, घरातली भीती आणि पाहुण्यांचे मत हे सगळे एकाच वेळी डोक्यात घेऊन तुम्ही बसला आहात, हे त्यातून जाणवते. उत्तराला सुरुवात मी तुमच्या त्या एका वाक्यापासून करतो, कारण तुमचा निर्णय त्याच्यावर उभा आहे आणि माझ्या मते तो पाया कच्चा आहे.

आयटीआय आणि कंपनी यांच्यातला करार त्या दोघांमध्ये असतो. तुमची मुलगी त्यात पक्षकार नसते. केंद्र सरकारने २०१६ पासून सुरू केलेल्या दुहेरी प्रशिक्षण पद्धतीत आयटीआय सिद्धान्त आणि पायाभूत प्रात्यक्षिक शिकवते, तर ठरलेला काळ मुले कारखान्यात किंवा प्रकल्पावर जाऊन शिकतात. कंपनीने येथे स्वीकारलेली जबाबदारी शिकवण्याची आहे, नोकरी देण्याची नव्हे. पुढे आयटीआय झाल्यावर मुलगी त्याच कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागली, तरीही हीच स्थिती राहते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, आणि कलम २२ नुसार प्रशिक्षण संपल्यावर त्याला कामावर ठेवण्याचे बंधन सर्वसाधारणपणे मालकावर नसते. कंपनीने पुढे मुलीला घेतले तर आनंदच आहे; परंतु 'करार आहे म्हणजे नोकरी आहे' असे समजून तुम्ही प्रवेश घेतलात आणि दोन वर्षांनी तसे घडले नाही, तर फसवणूक झाल्याची भावना तुमच्या मनात राहील आणि मुलीच्या मनात अपयशाची. दोन्ही टाळता येण्यासारख्या आहेत.

मग अशा कराराचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, फक्त तो वेगळ्या जागी आहे. आयटीआयच्या कार्यशाळेत मुलगी घरगुती व औद्योगिक वायरिंग, मोटार, स्टार्टर, पॅनेल बोर्ड, मोजमापाची उपकरणे हाताळेल आणि हा पाया भक्कम असणे सर्वांत महत्त्वाचे आहे. मात्र पवनचक्कीत साधारणपणे ६९० व्होल्टवर तयार होणारी वीज रोहित्रातून ३३ किलोव्होल्टवर कशी चढवली जाते, ती उपकेंद्रापर्यंत कशी जाते, वाऱ्याची दिशा बदलली की वरचा डोलारा कसा वळतो आणि वारा फार वाढला की पाती स्वतःचा कोन बदलून यंत्राला कसे सांभाळतात, हे कोणत्याही आयटीआयच्या चार भिंतींत दाखवता येत नाही. त्याहून महत्त्वाची एक गोष्ट प्रकल्पावरच अंगी बाणते : काम सुरू करण्यापूर्वी परमिट म्हणजे कामाची लेखी परवानगी घेणे, लाइन बंद झाल्याची स्वतः चाचणी करणे, अर्थिंग करणे आणि हे सर्व झाल्याशिवाय, वरिष्ठांनी घाई केली तरी, हात न लावणे. विजेच्या कामात ही शिस्त जीव वाचवते. चांगल्या करारातून मुलीला हे मिळत असेल, तर ते नोकरीच्या तोंडी आश्वासनापेक्षा अधिक मोलाचे आहे, कारण ते कोणत्याही कंपनीत तिच्यासोबत जाईल.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, कंपनीचे नाव पाहून भारावून जाऊ नका आणि उद्या ती कंपनी निघून गेली तर मुलीच्या हातात काय उरेल, हे पाहा. या एका कसोटीवर तुमच्या तिन्ही वाटा तपासता येतात.

तीन महिन्यांच्या वर्गाविषयी मला स्पष्ट बोलणे भाग आहे. तुमची मुलगी सोळा वर्षांची असेल. अठरा पूर्ण होण्याआधी कोणतीही जबाबदार कंपनी तिला मनोऱ्यावर किंवा उच्चदाबाच्या यंत्रणेवर काम करू देणार नाही. शिकाऊ उमेदवार कायद्यातसुद्धा धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांसाठी किमान वय १८ आहे. मग तीन महिन्यांनंतरची 'शंभर टक्के नोकरी' ही नेमकी कशाची नोकरी असेल? केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने गुरुग्रामजवळील राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत २०१५ पासून 'सूर्यमित्र' हा ६०० तासांचा, तीन महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम राबवला. तो उमेदवारांसाठी विनामूल्य होता, आणि त्याच्या प्रवेशासाठीही दहावीबरोबर वीजतंत्री, तारतंत्री म्हणजे वायरमन किंवा तत्सम विषयातील आयटीआय अपेक्षित होते. म्हणजे ज्यांनी हा लहान अभ्यासक्रम आखला, त्यांनी तो आधीच विजेचे काम शिकलेल्यांना सौरऊर्जेची जोड देण्यासाठी आखला होता. पाया नसताना घेतलेली जोड टिकत नाही. त्या गृहस्थांचा हेतू वाईटच आहे असे मी म्हणत नाही, परंतु ४५,००० रुपये भरण्यापूर्वी त्यांच्याकडून दोन गोष्टी लेखी मागा : प्रमाणपत्र कोणती शासकीय किंवा शासनमान्य संस्था देणार, आणि मागच्या तुकडीतील मुले आज कोठे, किती वेतनावर काम करत आहेत. उत्तर टाळले गेले तर तुमचा निर्णय तिथेच झाला असे समजा.

याउलट आयटीआयच्या दोन वर्षांच्या शेवटी मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र कंपनीवर अवलंबून नसते. परीक्षा देशभर एकाच पद्धतीने होते आणि प्रमाणपत्र देशभर चालते. महावितरणने २०२३ च्या अखेरीस विद्युत सहाय्यकाच्या ५,३४७ पदांसाठी जाहिरात काढली, तेव्हा तिथे वीजतंत्री किंवा तारतंत्री या व्यवसायातील दोन वर्षांचे प्रमाणपत्र हीच कळीची अट होती; तीन महिन्यांच्या कोणत्याही खासगी दाखल्याने ती पूर्ण झाली नसती. शिवाय हेच प्रमाणपत्र आणि कामाचा अनुभव यांच्या बळावर पुढे तारतंत्रीचा परवाना आणि कालांतराने पर्यवेक्षकाचा परवाना यांकडे जाता येते, आणि ज्याच्याजवळ परवाना आहे त्याला गावात स्वतःचे काम उभे करता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांच्या छतांवर सौरसंच बसवण्याचे उद्दिष्ट आहे, आणि आपल्या राज्यात शेतीचा वीजपुरवठा सौरऊर्जेवर नेण्याचे काम मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून चालू आहे. हे संच बसवायला जितके हात लागतात, तितकेच ते पुढची वीस-पंचवीस वर्षे दुरुस्त ठेवायला लागतील, आणि दुरुस्तीचे काम पॅनेल उचलणाऱ्याला मिळत नाही, वीज समजणाऱ्याला मिळते.

आता मेव्हण्यांच्या आक्षेपाकडे येतो. 'हुशार मुलीला आयटीआय कशाला' या विचारामुळे आपल्याकडे कितीतरी कुशल हात वाया गेले आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही त्यांची काळजी पूर्णपणे चुकीची आहे असे मी मानत नाही. ७८ टक्के मिळवणाऱ्या आणि गणित आवडणाऱ्या मुलीसाठी पदविका ही उत्तम वाट आहे. त्यातून अभियांत्रिकीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाचे दार उघडते आणि कनिष्ठ अभियंता किंवा देखरेखीच्या पदांकडे लवकर जाता येते. मेव्हण्यांची चूक इतकीच की, ते या दोन वाटांना एकमेकींपासून तुटलेल्या समजतात. महाराष्ट्रात दहावीनंतर दोन वर्षांचे आयटीआय केलेल्या विद्यार्थ्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. म्हणजे थेट पदविकेला तीन वर्षे, आणि आयटीआय करून पदविकेला गेल्यास दोन अधिक दोन अशी चार वर्षे. एक वर्ष जास्त लागेल, पण त्या वर्षाच्या बदल्यात मुलीजवळ हाताने काम केल्याचा अनुभव आणि स्वतंत्र प्रमाणपत्र असेल. मधल्या काळात घरची परिस्थिती बिघडली, तरी ती रिकाम्या हाताने उभी राहणार नाही. दुसऱ्या बाजूने हेही लक्षात ठेवा की, आयटीआयची सवय झालेल्या मुलांना पदविकेच्या दुसऱ्या वर्षातील गणित जड जाते. ती वाट धरायची असेल, तर या दोन वर्षांत गणिताचा सराव सुटता कामा नये.

मुलीच्या आईची भीती मात्र मला सर्वांत गंभीरपणे घ्यावीशी वाटते, आणि तिच्यावर 'हल्ली मुली सगळे करतात' एवढे उत्तर पुरेसे नाही. महावितरणमध्ये महिला तंत्रज्ञ खांबावर चढून काम करतात, त्यामुळे मुलींना हे जमते का हा प्रश्न मिटलेला आहे. खरा प्रश्न कंपनी सुरक्षेवर किती खर्च करते हा आहे, आणि तो मुलगा असता तरी विचारायलाच हवा होता. पवनऊर्जेत 'ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन' या संस्थेचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण जगभर मानले जाते. त्यात उंचीवरील काम, प्रथमोपचार, आगीपासून बचाव, वजन सुरक्षितपणे हाताळणे हे विषय येतात आणि उंचीवरील कामासारख्या भागांची ठरावीक काळाने उजळणी करावी लागते. कंपनी आपल्या तंत्रज्ञांना हे प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने देते का, असे विचारा. प्रशिक्षणार्थींचा अपघात विमा आहे का आणि त्याची प्रत मिळेल का, हेही विचारा. शिकाऊ उमेदवाराला कामाच्या ठिकाणी इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी कायद्याच्या कलम १६ ने मालकावर टाकलेली आहे. प्रकल्पावर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे का, सायंकाळी परत येण्यासाठी वाहन आहे का, हे प्रश्न लहान वाटतात, परंतु पठारावर, पावसाळ्यात, मुली काम सोडतात त्या बहुधा अशाच गोष्टींमुळे. आणि २०१३ च्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरोधातील कायद्याने प्रशिक्षणार्थी व शिकाऊ उमेदवारांनाही संरक्षण दिलेले आहे, त्यामुळे अशा तक्रारींसाठी कंपनीची अंतर्गत समिती आहे का आणि तिच्या सदस्यांची नावे फलकावर लावली आहेत का, हे तुम्ही वडील म्हणून निःसंकोच विचारू शकता. पवनऊर्जेतील सर्वच कामे मनोऱ्यावरची नसतात, हेही आईला सांगा : उपकेंद्र, नियंत्रण कक्ष, भांडार, उपकरणांची चाचणी अशी जमिनीवरची कामेही आहेत. अर्थात, मुलीला वर चढायचेच असेल, तर तिला त्यापासून अडवू नये, असे मला वाटते.

घराजवळ नोकरी मिळेल, ही तुमच्या पत्रातली आणखी एक न उच्चारलेली अपेक्षा आहे. ती मला समजते, कारण वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवरील पवनचक्क्या डोळ्यांसमोर उभ्या असताना काम मात्र बाहेरच्यांना मिळावे, याची खंत त्या भागात असणारच. तरीही या उद्योगाची दिशा पाहा. जुन्या, लहान क्षमतेच्या पवनचक्क्या काढून त्यांच्या जागी मोठ्या बसवण्याचे केंद्राचे धोरण २०१६ मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मोठ्या यंत्रांचे युग आले की त्याच विजेसाठी यंत्रांची संख्या कमी होते, त्यामुळे देखभालीची माणसे वाढतीलच असे नाही. मोठा वारा पावसाळ्यात असल्याने यंत्र बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती इतर महिन्यांत ढकलली जाते आणि तंत्रज्ञांना त्यासाठी या प्रकल्पावरून त्या प्रकल्पावर फिरावे लागते. धुळे जिल्ह्यात, गुजरातमध्ये किंवा तमिळनाडूत जाण्याची तयारी असलेल्या तंत्रज्ञाला काम मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. पहिली चार-पाच वर्षे मुलगी बाहेर राहील, यासाठी घराची मानसिक तयारी आहे का, याचा विचार आजच करा. तशी तयारी नसेल, तर पवनऊर्जेपेक्षा महावितरण, सौरपंप आणि घरगुती वीजकाम हे तिच्यासाठी अधिक जवळचे क्षेत्र ठरेल, आणि त्यासाठीही वीजतंत्रीचे प्रमाणपत्र हीच किल्ली आहे.

पैशांविषयी थोडक्यात. प्रशिक्षण काळातील विद्यावेतनाला पगार समजू नका. २०१९ च्या नियमांनी आयटीआय उत्तीर्ण शिकाऊ उमेदवारासाठी दरमहा किमान ७,००० रुपये आणि पदविकाधारकासाठी ८,००० रुपये ठरवले होते. मुलीचा शिकाऊ उमेदवारीचा करार करताना शासनाच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर त्या वेळचा दर पाहा आणि करार त्याच पोर्टलवर नोंदवला गेल्याची खात्री करून घ्या. नोंदणी नसलेली 'ट्रेनी' म्हणून ठेवलेली नोकरी दोन्हीकडून तोट्याची असते, कारण तिथे ना कामगाराचे हक्क असतात, ना शेवटी शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र.

हे सदर वाचणाऱ्यांमध्ये आयटीआयचे आणि महाविद्यालयांचे शिक्षकही आहेत, म्हणून त्यांच्यासाठी काही शब्द येथेच लिहितो. करारावर सही करण्याचा समारंभ सोपा असतो. २००७-०८ मध्ये केंद्राने देशातील १,३९६ आयटीआय सार्वजनिक-खासगी भागीदारीतून सुधारण्याची योजना सुरू केली, त्यात सामील प्रत्येकीला अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले आणि उद्योगातील भागीदाराच्या अध्यक्षतेखाली व्यवस्थापन समित्या नेमल्या. पैसा आणि रचना दोन्ही होते. परंतु उद्योगपतीचे नाव समितीवर असणे आणि त्याच्या प्रकल्पातील अभियंत्याने नियमितपणे कार्यशाळेत येऊन मुलांच्या शेजारी उभे राहून शिकवणे, या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिक्षण घडते ते दुसऱ्या गोष्टीने. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील आयोवा लेक्स कम्युनिटी कॉलेजने २००४ मध्ये पवनऊर्जा तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे शिकवण्यासाठी १.६५ मेगावॉटची स्वतःची पवनचक्की उभी केली. यंत्र महाविद्यालयाचे असल्यामुळे उद्या एखाद्या कंपनीने पाठ फिरवली तरी शिकवणे थांबत नाही. आपल्या आयटीआयला पवनचक्की घेणे शक्य नाही, हे उघड आहे. मात्र कंपनीने दिलेली उपकरणे संस्थेच्या मालकीची राहतील, निदेशकांना म्हणजे आयटीआयच्या शिक्षकांना दरवर्षी प्रकल्पावर प्रशिक्षण मिळेल, शिकाऊ उमेदवारीच्या किती जागा संस्थेच्या मुलांसाठी असतील आणि त्यांत मुली किती असतील, एवढे करारात लिहून घेणे कोणत्याही प्राचार्याला शक्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून महाविद्यालयांत सुरू झालेली कम्युनिटी कॉलेजे आणि २०१४ पासूनचे बी.व्होक. म्हणजे व्यवसायशिक्षणाच्या पदवीचे अभ्यासक्रम यांनाही हेच लागू आहे. बारावीनंतर तिकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी तेथील उद्योग-भागीदार वर्षातून किती दिवस प्रत्यक्ष शिकवतो, हे प्रवेशापूर्वी विचारावे.

पुन्हा तुमच्याकडे येतो. तुमच्या संपूर्ण पत्रात मेव्हण्यांचे मत आहे, पत्नीची भीती आहे, त्या गृहस्थांचे आश्वासन आहे आणि तुमचा स्वतःचा कल आहे; मुलगी काय म्हणते, हे कोठेही नाही. कदाचित ती काही बोलली नसेल, कदाचित तिला कोणी विचारले नसेल. प्रवेशाचे पर्याय भरण्यापूर्वी तिला एक दिवस आयटीआयच्या वीजतंत्री विभागात घेऊन जा आणि निदेशकांना विनंती करून मुलांचे प्रात्यक्षिक पाहू द्या. दुसऱ्या दिवशी तंत्रनिकेतनाच्या विद्युत विभागात न्या. शक्य झाले तर तिथल्या एखाद्या मुलीशी तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. बिघडलेला मिक्सर उघडून पाहण्याची तिला हौस आहे, की गणिते सोडवण्यात ती रमते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. हाताच्या कामाची ओढ असेल तर आयटीआय, आकड्यांची आणि आरेखनाची ओढ असेल तर पदविका, असा माझा कौल आहे. आणि आयटीआय निवडलीत तर ती कंपनीच्या करारासाठी निवडू नका, वीजतंत्रीच्या प्रमाणपत्रासाठी निवडा, करार असला तर ती अधिकची मिळकत.

आयटीआय आणि पदविका यांच्या प्रवेशप्रक्रिया वेगवेगळ्या, ऑनलाइन आणि बहुधा एकाच सुमारास चालतात, म्हणून दोन्हींकडे अर्ज भरून ठेवा; एकीकडे अर्ज केल्याने दुसरीकडचा हक्क जात नाही. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, रहिवासी दाखला आणि लागू असल्यास जातीचा व उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती आताच तयार करा, कारण तहसील कार्यालयातील गर्दीत हाच वेळ सर्वांत जास्त जातो. त्या ४५,००० रुपयांपैकी तुम्ही काही बाजूला काढलेच असतील, तर ते तिच्या वसतिगृहासाठी, एका चांगल्या मल्टिमीटरसाठी आणि गणिताच्या शिकवणीसाठी ठेवा.